हलक्या रेल्वेच्या खुंट्या

मी आज जो काही आहे तो काकीमुळे, हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. काकी माझी चुलती नव्हती. आमचं नातं नव्हतं आणि जातही एक नव्हती. आमचं घर खाडीच्या अंगाला, भातशेती आणि मिठागरातली मजुरी करणारं. तिचं घर पापडी गावाच्या पुढे, बागायतीतलं. केळी, पानवेली आणि थोडा सोनचाफा. पावसाळ्याआधी माझे वडील त्या बाजूच्या घरांना मीठ पोचवायला जात. मी चौथी पास झालो त्या वर्षी मीही बरोबर गेलो होतो.

काकीने वडिलांना विचारलं, "याला पुढे कुठे घालणार?"

"कुठं घालनार? पानी भरील, बांध घालील," वडील म्हणाले.

काकीने मिठाची गोण पडवीत उतरवून घेतली. "मीठ ठेवताय तसा पोरगाही ठेवून जा. शाळा इथून दोन वाड्या पलीकडे आहे."

असा मी राहिलो, तो अकरा वर्षं. काका मी येण्याआधीच वारले होते, दोन्ही मुली लग्न होऊन सासरी गेल्या होत्या. काकीला लिहिता-वाचता येत नव्हतं. संध्याकाळी ती विड्याच्या पानांच्या जुड्या, म्हणजे कवळ्या, बांधायला बसे आणि मला धडा मोठ्याने वाचायला लावी. मी अडखळलो की हात न थांबवता म्हणे, "इथे तुला कळलेलं नाही. परत वाच." गणितसुद्धा तिने मला असंच मोठ्याने वाचायला लावलं. मॅट्रिक झालो, मग गावातल्या कॉलेजातून गणित घेऊन पदवीधर झालो. आमच्या खाडीकाठच्या वस्तीतला पहिला. तिच्या घरची बोली वेगळी होती आणि ती मी तिथे राहून शिकलो, पण लिहायला बसलो की चुकते. म्हणून इथे तिचं बोलणं साध्या मराठीत लिहिलं आहे. ते ऐकून ती हसली असती.

आता बावखलाविषयी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बावखल म्हणजे वाडीत माणसांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी त्यावर जगतात. समुद्र इतका जवळ असून आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या विहिरी गोड राहिल्या त्या या बावखलांमुळे. काकीच्या वाडीच्या मागच्या अंगाला असं एक बावखल होतं आणि त्यावर पाच घरांच्या वाड्या भिजत. पूर्वी त्यावर रहाट होता. मी आलो तोवर विजेचा पंप बसला होता, पण पाणी घेण्याची पद्धत रहाटाच्या वेळचीच राहिली होती.

ती पद्धत अशी. सुरूच्या लाकडाची हातभर लांब खुंटी, तिचं डोकं चुन्याने पांढरं केलेलं. ज्याची पाळी त्याच्या पाटाच्या तोंडाशी ती रोवलेली असे. त्याचं भिजवून झालं की त्याने ती उपटायची आणि पुढच्या घरच्या वाडीत नेऊन रोवायची. हाक मारायची नाही, विचारायचं नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की एका खुंटीऐवजी तीन-चार खुंट्या फिरवत. जितक्या खुंट्या तितक्याच ओळी भिजवायच्या, एक ओळ जास्त नाही. काम झाल्यावर खुंटी आपल्याकडे ठेवणं ही त्या पाच घरांत सर्वात मोठी नाचक्की होती. मुलीसाठी स्थळ बघतानासुद्धा आधी चौकशी व्हायची, "माणसं खुंटी दाबणारी नाहीत ना?"

काकीच्या पुढची पाळी भाऊंची. भाऊ म्हणजे तिचे पश्चिमेकडचे शेजारी, ख्रिस्ती, तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. रविवारी चर्चहून आले की कोट न काढताच वाडीत शिरत आणि कुंपणावरून काकीला म्हणत, "वहिनी, तुमची वेल पिवळी पडलीय. माझी बघा आणि शिका." काकी म्हणे, "चर्चमध्ये एवढा वेळ बसून खोटं बोलायचं सुटत नाही तुमचं."

मी पदवीधर झालो ते ऐंशी सालाच्या अलीकडे-पलीकडे. त्या काळात स्टेशनच्या पूर्वेला दिवा जंक्शनकडे जाणारे नवे रूळ पडत होते, त्यामुळे रेल्वे येणार म्हटलं की आमच्याकडे कोणी अविश्वास दाखवत नसे. त्यातच स्टेशनपासून पश्चिमेला गावापर्यंत एक हलकी रेल्वे करायची असा विचार निघाला. दोन-तीन डब्यांची, रस्त्याच्या कडेने जाणारी, घराघरापाशी थांबणारी. पहिला टप्पा स्टेशन ते गाव. पुढे दोन विस्तार. एक पापडीवरून वळून उत्तरेला वाड्यांमधून कळंबच्या समुद्राकडे, आणि दुसरा त्यातून फुटून बोळिंजवरून विरारला. या विस्तारांच्या मोजणीसाठी स्टेशनजवळ भाड्याच्या घरात एक कचेरी उघडली आणि तिथे मोजणीची वही लिहायला मला हंगामी नोकरी लागली. राहायलाही मी त्या कचेरीतच गेलो. काम नीट केलं तर कायम करू, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

लोकांना थट्टेला विषय मिळाला. "हलकी म्हणजे किती हलकी रे? मासळीच्या पाट्या चढवल्या तर मोडणार नाही ना?" एक कोळीण मला बाजारात विचारायची. दुसरी म्हणायची, "वारा सुटला की ती थेट समुद्रात." मी मात्र अगदी मनापासून त्या रेल्वेच्या बाजूचा होतो. पावसात स्टेशनपर्यंत चिखल तुडवत जाणाऱ्या मुली मला दिसत, पहाटे डोक्यावर फुलांच्या टोपल्या घेऊन एसटीसाठी धावणाऱ्या बायका दिसत. वाटे, आपल्या हातून हे काम होतंय.

कचेरीतून नकाशाची एक प्रत मिळाली तेव्हा मी ती गुंडाळी घेऊन काकीकडे गेलो आणि पडवीत पसरली. चार कोपऱ्यांवर चार नारळ ठेवले. स्टेशन दाखवलं, पापडी दाखवली, कळंब दाखवलं. पेन्सिलीची रेघ बोटाने चालत नेली. काकी वाकून बघत होती.

"आपली वाडी कुठली?"

"ही."

"मग बावखल कुठे?"

मी शोधलं. तिच्या वाडीच्या जागी एक बारीक वाटोळं होतं आणि शेजारी लिहिलं होतं, खड्डा. विस्ताराची रेघ बरोबर त्याच्या मधून गेली होती. मी ते तिला वाचून दाखवलं. खोटं वाचण्याची सवय तिने मला लावली नव्हती.

"खड्डा असला की भरतात," काकी म्हणाली.

"नुसती पेन्सिल आहे काकी. अजून काही ठरलं नाही."

"हं," म्हणून ती उठली आणि नारळ उचलून आत ठेवले. नकाशा आपोआप गुंडाळला गेला.

त्यानंतर मी कचेरीत बसलो की तीच रेघ डोळ्यांपुढे येई. साहेबांना सांगावं असं रोज वाटे आणि रोज राहून जाई. साहेब विदर्भाकडचे, कामाला अगदी काटेकोर. आवाज कधी चढवत नसत आणि त्यामुळेच त्यांची भीती वाटे. हंगामी माणसाने, तेही स्वतःच्या घरासाठी, रेघ हलवा म्हणायचं कसं?

एप्रिलमधल्या एका शनिवारी आम्ही त्या वाड्यांत खुंट्या ठोकल्या. साहेब दुर्बिणीवर, मी वहीवर, आणि साखळी धरायला मामा. मामा खाडीकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे, मला नेहमी "पदवीधर" म्हणून हाक मारायचे. काकीच्या वाडीत चार खुंट्या पडल्या. त्यांतली एक मामांनी बावखलाच्या अगदी काठाला ठोकली. काकी त्या दिवशी घरी नव्हती, धाकट्या मुलीकडे बारशाला गेली होती. काम संपवून साहेब रात्रीच्या गाडीने मुख्य कचेरीत गेले. सोमवारी आणि मंगळवारी तुम्ही दोघांनी याच खुंट्यांवरून पुढची मापं घ्या, असं सांगून गेले. रविवारी मी आईवडिलांना भेटायला खाडीकडे गेलो.

सोमवारी सकाळी मी आणि मामा काकीच्या वाडीत शिरलो, तर तिथे एकही खुंटी नव्हती.

"काय पदवीधर," मामा म्हणाले, "शनवारी आपली रेघ ताठ होती. रविवारी कुठं जेवायला गेलती?"

कुंपणाच्या पलीकडे भाऊंच्या वाडीत आमच्या चारही खुंट्या उभ्या होत्या. चार पाटांच्या तोंडाशी, अगदी नीट, सारख्या अंतरावर.

मामांना काही कळलं नाही, पण मला ते पाहताक्षणी कळलं. आमच्या खुंट्याही तिथल्याच वखारीतून आणलेल्या, सुरूच्याच, डोकी चुन्याने रंगवलेलीच. वर तांबड्या रंगाचे आकडे घातले होते तेवढाच फरक. काकी रविवारी सकाळी आली असणार. चार खुंट्या दिसल्या. पाणी खाली गेलं म्हणून घरांनी चारची पाळी सुरू केली असं तिला वाटलं असणार, आकडे ओळींचे वाटले असणार. तिने मोजून चार ओळी भिजवल्या आणि खुंट्या भाऊंच्या वाडीत नेऊन रोवल्या. मी जाऊन पाहिलं. काकीच्या वाडीत चारच ओळी ओल्या होत्या, बाकीची केळी कोरडी.

आता रेघ काकीची वाडी सोडून भाऊंच्या पानवेलीतून जात होती. बावखल पंचवीस पावलं बाजूला राहिलं होतं.

मामा दुर्बीण उभी करत होते. मला एवढंच बोलायचं होतं, की खुंट्या हलल्यात, साहेब येईपर्यंत थांबू. मी म्हणालो, "मामा, इथूनच घ्या."

"काठावरची मीच ठोकली होती. बावखलापाशी."

"इथे वळण आहे."

"वलन?" मामांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं. वलन तर वलन. शिकलेला तू."

भाऊ वाडीतच होते. खुंट्या बघून पंप चालू करायला निघाले होते. मी त्यांना सांगितलं की या सरकारी खुंट्या आहेत, हलवू नका. ते हसायलाच लागले. "अरे देवा! आणि आम्ही त्यावर पाणी वाटतोय! माझ्या वेलीतून गाडी नेतोस की काय रे?"

"नुसती मापं आहेत, भाऊ."

"मग थांब, मामा दुर्बिणीवर, ती मापाची फीत एकटा कशी धरशील?" असं म्हणून त्यांनी फितीचं दुसरं टोक धरलं. दुपारपर्यंत ते माझ्यासाठी आपल्याच वाडीत फीत धरून उभे राहिले आणि मी आकडे लिहीत राहिलो. मंगळवारी पुढचा भाग केला. सहा पानं झाली.

मंगळवारी संध्याकाळी मी काकीकडे गेलो. खरं सांगायचं तर आनंदात गेलो. अकरा वर्षं तिचं खाल्लं, आज पहिल्यांदा तिच्या उपयोगी पडलो असं वाटत होतं. ती पडवीत कवळ्या बांधत होती.

"काकी, बावखल वाचलं."

"कसं?"

मी सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. तिचे हात थांबले.

"त्या खुंट्या मी नेऊन लावल्या."

"हो. तुला कुठे माहीत होतं? तुझी काही चूक नाही."

"माझी नाहीच. पण तुला माहीत होतं ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"माझ्या वाट्याला आलेलं मी त्याच्या वाडीत रोवून आले, आणि तू ते लिहून घेतलंस. ऊठ."

"कुठे?"

"भाऊंकडे. मी एकटी सांगणार नाही. लिहिलंय कोणी?"

भाऊ अंगणात खाटेवर बसले होते. काकीने मला पुढे केलं आणि स्वतः तुळशीच्या... असं लिहिणार होतो, पण भाऊंच्या अंगणात क्रूस होता, त्याच्या ओट्याला टेकून ती उभी राहिली. मी मान खाली घालून सांगितलं. सांगताना तीनदा अडखळलो.

भाऊ म्हणाले, "मला सोमवारीच कळलं. सरकारी खुंट्या आहेत म्हणालास तेव्हा. वहिनींच्याच वाडीतून आलेल्या, दुसरीकडून कुठून येणार?"

"मग बोलला का नाहीत?" काकी म्हणाली.

"काय बोलू? तुमचं बावखल गेलं तर माझ्या वेलीला पाणी कुठून आणू? वेल एक वेळ दुसरीकडे लावता येईल. बावखल कुठे लावू?"

"वेल लावता येते म्हणे! तीस वर्षांत एक धड लावता आली नाही तुम्हाला."

"बघ रे," भाऊ मला म्हणाले, "या वहिनींसाठी मी वाडी सोडायला निघालो होतो."

काकीचा आवाज मात्र हसण्यातला नव्हता. "भाऊ, या पाटावर कोणी दुसऱ्याच्या पाळीचं घेतलं नाही, आणि कोणी आपलं दुसऱ्यावर ढकललंही नाही. बावखल जायचं असेल तर माझ्या नावाने जाईल. आणि ठेवायचं असेल तर पाच घरं मिळून तोंडाने मागू. चोरून नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब कधी येणार?"

"उद्या."

"मग उद्या सांग."

बुधवारी सकाळी मी साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो. मी सांगत असताना ते चष्म्याच्या काचा पुसत होते.

"किती पानं?"

"सहा."

त्यांनी वही मागितली. तांबड्या पेन्सिलीने सहाही पानांवर आडवी रेघ मारली आणि प्रत्येक रेघेखाली माझी सही घेतली. "तुमचं नाव कायम करण्यासाठी गेल्याच आठवड्यात पाठवलं होतं," ते म्हणाले. "ते आता परत मागवून घेतो." आवाज नेहमीसारखाच होता. "जी साहेब," मी म्हणालो.

मी दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी परत हाक मारली. "थांबा. मालकिणीने खुंट्या उपटल्या हे समजलं. रागाने उपटतात, ते मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं. पण शेजाऱ्याच्या वाडीत नीट रोवल्या, हे काय आहे?"

मी त्यांना पाळीची पद्धत सांगितली. ते मधेमधे विचारत गेले. कोणी फसवत नाही? फसवलं तर कोण बघतं? चार ओळी म्हणजे चारच, हे लिहिलेलं कुठे आहे? कुठेच लिहिलेलं नाही, मी म्हणालो.

"पाच घरं, आणि एका खड्ड्यावर?"

"खड्डा नाही साहेब. नकाशा करणाऱ्याला शब्द ठाऊक नसेल."

ते उठले, टोपी घातली. "चला."

काकीने साहेबांना पडवीत बसवलं, शहाळं दिलं आणि मग बावखलापाशी नेलं. आमची मापाची उंच पट्टी मामांनी काठावरून पाण्यात सोडली. ती सगळी आत गेली तरी तळ लागला नाही.

"बाई, किती खोल आहे?"

"मोजलं नाही. सासऱ्यांनी गाळ काढला तेव्हा दोन माणसं एकावर एक उभी राहिली होती, असं ऐकलं."

"उन्हाळ्यात आटतं?"

"खाली जातं. मी आल्यापासून आटलेलं नाही."

"आल्यापासून म्हणजे कधीपासून?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून. आता साहेब, माझं वय काढू नका."

साहेब हसले. दोन महिन्यांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. काकीने मात्र त्यांच्याकडे काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, "खुंट्या मी हलवल्या. तुमच्या होत्या हे कळलं नाही. परत कुठे लावायच्या ते दाखवा, मी लावते."

"ते दुर्बिणीशिवाय होत नाही," साहेब म्हणाले. शनिवारच्याच जागी, बावखलाच्या काठाला, मामांनी त्या परत ठोकल्या. खरी रेघ बावखलातूनच जात होती आणि आता ती वहीतही तशीच गेली. संध्याकाळी परतताना साहेब मला म्हणाले, "भरल्याने काय होईल हे मला आकड्यांत पाहिजे. खोल आहे, जुनं आहे, याने वर कोणी ऐकत नाही. किती विहिरी यावर आहेत, दाखवा."

पुढचे आठ दिवस आम्ही तेच केलं. कोणत्या विहिरीत किती पाणी आहे ते सुंभाच्या दोरीला गाठी मारून मोजायचं. मग काकीने पंप चालू करायचा आणि दुपारभर चालू ठेवायचा. तेवढ्यात विहिरींत पाणी किती बोटं उतरलं आणि पंप थांबल्यावर किती वेळात चढलं, ते मी लिहायचं. पाचही घरची माणसं आपापल्या विहिरीवर दोरी धरून उभी राहत. भाऊ आपल्या विहिरीवरून ओरडून आकडा सांगत आणि काकी ओरडून म्हणे, "एक बोट कमी करून लिहा रे, त्यांची बोटं जाडी आहेत." काठापासून दूर असलेल्या विहिरींतही पाणी पंपाबरोबर उतरत होतं हे पाहून मामाच सर्वात जास्त चकित झाले. "म्हनजे हे सगलं पानी एकच हाय," ते म्हणाले. "वर कुंपनं, खाली एकच."

मी नवा कागद घेऊन बावखल मापाप्रमाणे काढलं, निळं रंगवलं, विहिरी दाखवल्या आणि तक्ता जोडला. साहेबांनी प्रत्येक आकडा माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला, मग सही केली. दुसरी रेघ कुठून जाऊ शकेल हेही त्यांनी टिपणात लिहिलं. पण मला म्हणाले, "मी लिहिलंय. ठरवणारे दुसरे आहेत."

नोकरी गेली नाही, पण हंगामीच राहिली, ती पुढे तीन वर्षं. जूनच्या आधी मला दुसऱ्या जिल्ह्यात एका धरणाच्या मोजणीवर पाठवलं. साहेबांविषयी माझ्या मनात कधीही कडवटपणा आला नाही. मी निघालो त्या दिवशी काकीने डबा बांधून दिला आणि म्हणाली, "काय ठरेल ते मला कागदावर कळव. तोंडी बातमी पाटातल्या पाण्यासारखी. शेवटच्या घरी पोचेपर्यंत निम्मी मुरते."

पावसाळा गेला, दिवाळी गेली. काकी कोणाकडून तरी दोन ओळी लिहून घेऊन विचारी, आणि माझ्याकडे कळवण्यासारखं काही नसे. मग एक दिवस टपालाने साहेबांचं पाकीट आलं. त्याच दुपारी मी काकीला पत्र लिहिलं. तिने ते पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं. ती गेल्यावर तिच्या धाकट्या मुलीने माझ्या हातात दिलं. अक्षर तेव्हा माझं बरं होतं. जसंच्या तसं उतरवतो.

तीर्थरूप काकीस,

साष्टांग नमस्कार. मी इथे खुशाल आहे. जेवण तिखट असतं, पण सवय झाली. पोटाचं आता ठीक आहे.

कळंबच्या विस्ताराचं ठरलं. साहेबांचं पत्र आज आलं, सोबत नव्या नकाशाची प्रत आहे. रेघ वाडीतून काढून समोरच्या गाडीवाटेने नेली आहे. बावखल भरायचं नाही. भाऊंच्या वेलीलाही धक्का नाही. हे दोनदा वाचून घे, मी नीट बघूनच लिहितो आहे.

पण पूर्ण सुटका नाही, तेही लिहितो. वाट रुंद करावी लागेल, म्हणून तुझ्या आणि भाऊंच्या वाडीची वाटेकडची कड जाणार आहे, दोघांची सारखी, तीन-तीन हात. तुझं कुंपण आत येईल आणि कुंपणाजवळचा सोनचाफा जाईल. भाऊंचे दोन माड जातील. साहेबांनी लिहिलं आहे की याहून कमी करता येत नाही. मी मोजून पाहिलं, ते बरोबर आहे.

गाडी केव्हा येईल हे कोणालाच ठाऊक नाही. पहिला टप्पा झाल्याशिवाय विस्तार होणार नाही, आणि पहिल्या टप्प्याचीच अजून मंजुरी यायची आहे. तेव्हा आत्ताच काही तोडू नकोस.

काकी, त्या मंगळवारी तू मला उठवून भाऊंकडे नेलंस, तेव्हा मला तुझा राग आला होता. तुझ्यासाठीच केलं आणि तूच मला खाली बघायला लावलंस, असं वाटलं. तो राग किती दिवस होता ते सांगत नाही, लाज वाटते. ती सहा पानं तशीच राहिली असती तर तुला बावखल मिळालं असतं, पण मग भाऊंच्या घरी पाणी मागायला मी कोणत्या तोंडाने गेलो असतो? माझं शिक्षण तू केलंस हे मी सगळ्यांना सांगतो. कॉलेजपर्यंतचं मी धरत होतो. आता त्या मंगळवारपर्यंतचं धरतो.

माझी नेमणूक अजून हंगामीच आहे. वडिलांना यातलं काही सांगू नकोस, ते उगाच काळजी करतील.

जूनच्या सुरुवातीला चार दिवस सुट्टी मिळेल. तेव्हा येतो आणि सोनचाफ्याच्या फांद्यांना कलमाच्या गुट्या बांधतो. तीन-चार तरी धरतील, त्या मागच्या अंगाला लावू. त्याआधी कोणी मोजायला आलं तर त्यांना बसव, शहाळं दे आणि आधी त्यांच्याकडचा नकाशा उघडून बघायला सांग. आता त्यावर बावखल आहे. शेजारी नावही लिहिलं आहे, बावखल असंच.

तुझा